बहिणीची भानगड न्हाई

आमच्या गावाला रेल्वे आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला, आणि मी काही त्या गावात राहत नव्हते. लग्न होऊन नांदेडला आले, तिथेच शाळेत नोकरी केली, तिथेच नवरा गेला आणि तिथूनच मुलगा पुण्याला निघून गेला. हदगावजवळचं ते गाव माझं माहेर. आई-वडील गेल्यावर तिथे धाकटा भाऊ आणि त्याचा संसार एवढंच उरलं होतं. तरी निवृत्त झाले की राहायचं ते तिथेच, असं मी ठरवून टाकलं होतं. शेजारीण म्हणायची, म्हातारपणी कुणी माहेरी जातं का? मी म्हणायची, जिचं शेत स्टेशनसमोर आहे ती जाते.

शेत वडिलांचं, पळसाखालच्या विहिरीसकट. संध्याकाळी बुद्धविहारात बसून ते लोकांना पेपर वाचून दाखवत आणि कायदा समजावून सांगत. जमिनीत मुलीचाही वाटा असतो, हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. भाऊ तेव्हा माझ्या मांडीवर झोपलेला असे. पुढे नव्या लाईनसाठी शेताची एक पट्टी गेली आणि उरलेल्या रानासमोरच स्टेशनचं काम निघालं. त्या दिवशी भावाने मुद्दाम फोन केला. म्हणाला, "आक्का, तुझ्या दोन खोल्या समोरच्या अंगाला काढू. गाडीतून उतरलीस की घर." मी त्याच आठवड्यात खिडक्या कुठे काढायच्या याचा विचार करायला लागले. एक रुळांकडे हवी, हे नक्की होतं.

मग सहीचं निघालं. रेल्वेत गेलेल्या जमिनीसाठी वारसांची संमती लागते, एक दिवस हदगावला येऊन जा, असं भावाने सांगितलं. शाळेतून रजा काढून गेले. कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कागदांची चळत माझ्यापुढे सरकली, तशी मी चष्म्यासाठी पिशवीत हात घातला. भाऊ हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की आमची आक्का मास्तरीण हाय, भावाचा बी पेपर तपासती. बाकावरची माणसं हसली, मीही हसले. आमच्याकडे भावाने पुढे केलेला कागद बहीण वाचत नाही. वाचायला घेतला की भावावर संशय घेतला असं होतं, आणि ते चारचौघांत झालं की गावभर होतं. टेबलापलीकडच्या कारकुनाने आपल्या कामाप्रमाणे विचारलंही, बाई, वाचलं ना, समजलं ना? मी म्हणाले, भाऊ आहे माझा. चष्मा पिशवीतच राहिला. सह्या केल्या, अंगठा दिला, त्यांच्या छोट्या कॅमेऱ्याकडे बघून फोटो दिला. बाहेर आल्यावर भावजयीने माझ्या हातात साडी ठेवली, चांगली जरीकाठाची. मी विचारलं, ही कशाची गं? ती म्हणाली, स्टेशन आलं ना, त्याच्या आनंदाची. मला ते फार आवडलं होतं.

गाडी सुरू झाली तेव्हा नव्याचे नऊ दिवस लोकांनी नुसती मजा केली. इंजिनाला हार, डब्यात भजी, म्हाताऱ्यांना खिडकीची जागा. गावातली बायामाणसं एक स्टेशन पुढे जायची आणि पायी परत यायची. मग हळूहळू गाडी ओस पडली. स्टेशन गावापासून लांब, काळ्या रानाच्या मधोमध. पावसाळ्यात चप्पल हातात घेतल्याशिवाय तिथे पोचता येत नसे. एसटी मात्र वेशीत उभी राहायची. शिवाय गाडीची वेळ अशी की शाळा-कॉलेजच्या पोरांना उशीर आणि बाजाराच्या माणसांना घाई. डब्यात मी, दोन-चार विद्यार्थी आणि हदगावच्या बाजारची एखादी भाजीवाली. भोकरकडचा एक तिकीट तपासनीस होता, तो म्हणायचा, बाई, तुमच्यासारखी दहा माणसं रोज आली तर ही गाडी टिकेल. मी ते मनावर घेतलं. काम असो नसो, दर रविवारी जायची. कुणी एसटीने आलं असं कळलं की त्याच्यावर उखडायची. गाडी बंद पडली तर माझ्या खोल्यांना अर्थ काय राहणार होता?

पुढे पुढे रविवारी तेवढी गर्दी दिसायला लागली. ती प्रवाशांची नसून प्लॉट बघायला येणाऱ्यांची आहे, हे मला उशिराच कळलं. स्टेशनच्या आजूबाजूला झेंडे लागले होते, मुरूम टाकून रस्ते आखले होते, विजेचे खांब उभे होते आणि त्यांना तारा नव्हत्या. एका वावरात तर घर एकही नसताना कमान उभी होती. नांदेडहून गिऱ्हाइकांना गाडीत बसवून आणायचं, म्हणजे स्टेशन खरंच आहे आणि गाडी खरंच थांबते हे आपोआप सिद्ध होतं. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. म्हटलं, वस्ती वाढेल, दुकानं येतील, आपल्याला बरंच होईल. आपलं रान भावाने तसंच ठेवलेलं असणार, याची मला खात्री होती. मी जायची ती उतरून थेट गावाच्या वाटेने, आणि आमचं रान रुळांच्या दुसऱ्या अंगाला, उभ्या गाडीच्या आड होतं. भाऊ म्हणायचा, चिखल हाय, गवत माजलंय, इतक्यात नको जाऊस तिकडं.

त्या रविवारी माझ्या समोरच्या बाकावर पांढऱ्या शर्टातला एक मध्यम वयाचा माणूस बसला. पूर्वी लोह्याला बियाणं विकायचा, आता प्लॉट विकतो, असं त्याने स्वतःच सांगितलं. मी मास्तरीण, निवृत्तीला आलेली, हे कळताच तो जरा पुढे सरकून बसला. त्याला मीही गिऱ्हाईकच वाटले. अर्धापूरच्या केळी मागे पडल्या तरी तो बोलतच होता. स्टेशन जवळ आलं तसं त्याने खिडकीतून बोट दाखवलं. पळसाचं झाड, त्याच्या खाली विहीर, विहिरीपासून रुळापर्यंतचं सगळं आपलं, असं तो म्हणाला. गोड पाण्याची विहीर आहे, हेही सांगितलं. ते पाणी गोड आहे हे तो मला सांगत होता.

मी विचारलं, ही जमीन कुणाची? त्याने माझ्या भावाचं नाव घेतलं. मला वाटलं, काही चूक होत असेल. पण तो माणूस कामात पक्का होता. मला शंका आली आहे असं बघून त्याने आवाज खाली आणला.

"बाई, कागद एकदम साफ हाय. मालकाला एकच बहीण, तिनं बी हक्कसोड करून दिली हाय. बहिणीची भानगड न्हाई."

हक्कसोड म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तरी मी त्याला विचारलं, कारण कुणीतरी ते सरळ मराठीत बोलावं असं वाटलं. बहीण आपला वाटा भावाला सोडून देते, साडीचोळी केली की देतात बाया, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तिला विचारलं तरी होतं का?

"तर काय. फोटो हाय ना तिचा कागदावर. हसून राहिली बाई, लई खुशीत हाय."

त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. समोरच्या बाजूचे प्लॉट आहेत का, एवढंच मी शेवटी विचारलं. तो हळहळला. ते सगळ्यात आधी गेले, म्हणाला.

केसाने गळा कापला असं आपण सहज बोलून जातो. मला वाटायचं, त्यात निदान कुठेतरी दुखत असेल. स्टेशन ते घर मी चालत गेले तेव्हा मला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. घरात शिरले, भावाला ओसरीवर बसलेलं पाहिलं, आणि मग संताप चढला. संमती म्हणून सांगितलंस ती हक्कसोड होती का, असं मी विचारलं. त्याने नाही म्हटलं नाही. गावात कुणाच्या बहिणीने वाटा घेतलाय, म्हणाला. पोरीचं लग्न, पोराचं शिक्षण, तुला तर पेन्शन मिळणार हाय, पोरगं पुण्याला हाय, तुला काय कमी? प्लॉटवाल्यांना सगळं मोकळं करून पाहिजे होतं, म्हणाला. माझ्या खोल्यांचं विचारलं तर मागच्या अंगाला कुठंतरी बघू म्हणाला. भावजय दाराआडून सगळं ऐकत होती.

"मला सरळ मागायचं होतंस," मी म्हणाले.

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मागितलं असतं तर दिलं असतंस का?"

मी खरंच विचार केला. रागात काहीतरी बोलून जाणं सोपं होतं. पण हा माझ्याच मांडीवर वाढलेला. त्याने समोर बसून, आक्का, अडचण हाय, एवढं म्हटलं असतं तर मी खिडक्या, खोल्या, म्हातारपण सगळं गुंडाळून ठेवलं असतं, आणि वरून शेजारणीला कौतुकाने सांगितलं असतं. इतक्या वर्षांत त्याला माझी एवढीही ओळख झाली नव्हती, हे मला जमिनीपेक्षा जास्त लागलं.

"दिलं असतं," मी म्हणाले.

त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. हिशेब जुळावा तसा तो मागे टेकून बसला.

"मंग एकच झालं की, आक्का," तो म्हणाला, आणि माझ्यासाठी चहा टाकायला त्याने आत हाक मारली.