मोडलेल्या धनुष्यातलं कुंकू

नोकरीत चोर पकडले, दरोडेखोरांच्या मागे पळालो, पण त्या संध्याकाळी मुलुंडच्या मैदानाकडे जसा धावलो तसा जन्मात कधी धावलो नाही. आणि गंमत म्हणजे त्या प्रकरणात आरोपीच नव्हता!

मी तेव्हा मुलुंड भागातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळची हजेरी आटोपून चहाचा घोट घेतो न घेतो तोच एक बाई दारावरच्या हवालदाराला बाजूला सारून सरळ आत आली. ती बाजारात मासे विकायची. तिला सगळा भाग ओळखायचा, मीही ओळखायचो.

“साहेब, माझ्या पोरीचा डोळा जात होता! कोणीतरी मुद्दाम केलंय. तुम्ही त्याला पकडता का मी जाऊ कोयता घेऊन?”

“कोयता घरीच ठेवा ताई. आधी बसा, पाणी प्या.”

तिची मुलगी कॉलेजात शिकत होती आणि पारंपरिक धनुर्विद्येच्या एका वर्गाला जात होती. बांबूचं धनुष्य, हाताने वळलेली दोरी, सगळं जुन्या पद्धतीचं. आदल्या दिवशी सरावात तिने दोरी पार गालापर्यंत ओढली आणि धनुष्य मोडलं. वरचा तुकडा भुवईवर बसला. सात टाके पडले. बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्यात पोरीची नुकतीच संघात निवड झालेली. म्हणजे कोणाच्या तरी पोटात दुखलं असणार, हा आईचा हिशेब. खोटं कशाला सांगू, माझाही तोच!

मैदानावर जाऊन पंचनामा केला, दोन्ही तुकडे मुद्देमाल म्हणून सील केले. दुपारी ठाण्यात फोन वाजला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, “बोरिवलीच्या जंगलालगतच्या पाड्यावर एक म्हातारा धनुष्यं बनवतो. ह्या वर्गाला कुजका बांबू देतो. त्याला उचला.” आणि फोन ठेवला.

झालं! मी लगेच गाडी पाठवली. म्हाताऱ्याला आणून बाकावर बसवलं आणि मुद्दाम दोन तास कोणी काही विचारलं नाही. माणूस बसून बसून घाबरतो, मग बोलतो, ही आमची जुनी युक्ती. पण हा गडी घाबरेना. आपले हात मांडीवर ठेवून शांत बसला होता.

शेवटी मीच ओरडलो, “ए म्हाताऱ्या, पोरीचा डोळा गेला असता तर? कुजका बांबू दिलास ना?”

“साहेब, चाळीस वर्षं हेच करतो. बांबू दोन वर्षं सावलीत सुकवल्याशिवाय हात लावत नाही,” तो म्हणाला. “पोरगी कशी आहे ते आधी सांगा. आणि तुकडे दाखवा.”

त्याने स्वतःच्या सुटकेआधी पोरीची चौकशी केली, तिथेच मी जरा हललो. पंचांना बोलावलं, सील उघडलं आणि तुकडे टेबलावर ठेवले. त्याने ते उजेडात धरले. धनुष्याच्या मुठीवर, मोडलेल्या जागेपर्यंत, दसऱ्याला बांधलेलं लाल कापड अजून तसंच होतं. ते त्याने माझ्या परवानगीने सोडलं आणि मोडलेल्या जागी नख फिरवलं.

“हे बघा. अर्धा भाग पांढरा आहे, तो ताजा मोडलाय. अर्धा लाल आहे. साहेब, ह्यात कुंकू गेलंय! दसऱ्याआधी मी दिलं तेव्हा अख्खं होतं.”

मी उठूनच उभा राहिलो. कुंकू आत गेलं म्हणजे चीर आधीच पडलेली होती आणि ती दसऱ्याच्या दिवशीच पडलेली होती. आता प्रश्न एकच होता. पूजेच्या दिवशी त्या धनुष्याला काय झालं?

वर्गाचा प्रशिक्षक जबाब द्यायला शेजारच्याच खोलीत बसला होता, तिशीचा, अंगाने दणकट. त्याला आत घेतलं. “दसऱ्याला काय काय केलंत? पहिल्यापासून सांगा.”

“पूजा केली सर. कुंकू लावलं, मग टणत्कार केला.”

“म्हणजे?”

“दोरी पूर्ण ताणून सोडायची. मस्त आवाज घुमतो. शुभ असतं ना सर! सगळ्यांनी तीन-तीन वेळा केला. व्हिडिओपण झकास आलाय. मग धनुष्यं तेलाने पुसली आणि कापड बांधलं.”

म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. “बाण लावला होता का रे?”

“नाही. पूजेत बाण कशाला?”

“अरे, वाट लावलीत! बाण असला की जोर बाणाबरोबर जातो. बाण नसला की तो सगळा जोर बांबूच्याच अंगात परत शिरतो. आतून फाटतो तो.”

दारात उभे असलेले आमचे शस्त्रागाराचे हवालदार पटकन म्हणाले, “साहेब, म्हणूनच मी आपल्या पूजेत कोणाला रिकाम्या बंदुकीचा घोडा ओढू देत नाही. तुम्हाला त्याचा राग येतो.” खरंच यायचा!

मी प्रशिक्षकाकडे वळलो. “सगळ्यांनी म्हणजे किती धनुष्यं?”

“अकरा.”

“बाकीची दहा कुठे आहेत?”

त्याचा चेहरा उतरला. “मैदानावर. आज पाच वाजता प्रात्यक्षिक आहे सर. पालक येणार आहेत.”

घड्याळात पाचला दहा कमी होते. मैदानावर फोन लावला. कोणी उचलेना. धनुष्य हातात घेण्याआधी सगळ्यांचे मोबाइल पेटीत ठेवायचे, हा वर्गाचा नियम! गाडी काढली, म्हाताऱ्याला आणि प्रशिक्षकाला आत कोंबलं. वाटेत मी प्रशिक्षकाला म्हणालो, “आवाज ओळखला मी. कुजक्या बांबूचा फोन तूच केलास ना? मग तीच धनुष्यं आज पोरांच्या हातात कशी देत होतास?” तो रडायलाच लागला. “पालक मुलं काढून घेतील, वर्ग बंद पडेल, म्हणून केला सर.” म्हातारा फक्त एवढंच म्हणाला, “मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं ना.”

बाजाराच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आडवी उभी. सायरन वाजवला, कोणी हलेना. मी उडी मारून पळत सुटलो. फळवाले बाजूला होत होते, टोपी कुठे पडली कळलं नाही. आणि बघतो तर काय, म्हातारा माझ्या पुढे, प्रशिक्षक पार मागे!

मैदानात शिरलो तेव्हा दहाजण रांगेत उभे होते. भुवईवर पट्टी लावलेली ती मुलगी पहिल्या खुर्चीवर बसली होती. तेवढ्यात प्रशिक्षकाच्या सहायकाने हाक दिली, “ताण!” दहाही दोऱ्या गालाकडे निघाल्या. मी छाती भरून श्वास घेतला. आम्ही पोलीस जे आयुष्यभर ओरडतो तेच ओरडणार होतो: थांबा, कोणी हलू नका!

म्हाताऱ्याने सरळ माझ्या तोंडावर हात ठेवला. वरिष्ठ निरीक्षकाच्या तोंडावर!

“थांबा म्हणू नका साहेब! ताणून धरलं की मोडतं. हळू परत घ्यायला सांगा.”

“दोरी सोडू नका!” मी ओरडलो. “हळू परत आणा! हळू!” पोलीस का ओरडतोय हे त्या पोरांना कळेना, ती गोंधळून बघत राहिली. पण ती मुलगी उठली, रांगेच्या बाजूला गेली आणि स्वतःचा हात गालापासून हळूहळू पुढे नेत म्हणाली, “ऐका रे! असं. हळू.” त्यांनी तिचं ऐकलं. एक-एक दोरी पुढे येत गेली. तिसऱ्या पोराच्या हातात ‘कट्’ असा आवाज आला आणि त्याचं धनुष्य मोडून दोरीला लटकलं. दोरी निम्मी परत आली होती म्हणून त्याला ओरखडाही उठला नाही. मी तिथेच मातीत बसलो आणि लहान पोरासारखा हसलो.

उरलेल्या नऊ धनुष्यांवरचं लाल कापड सोडलं. पाचांना चिरा होत्या आणि प्रत्येक चिरेत कुंकू.

संध्याकाळी मासेवाल्या ताई पोरीला घेऊन ठाण्यात आल्या. “मग पकडलं कोणाला?”

“आई, टणत्कार सगळ्यात जोरात मीच केला होता,” मुलगी खाली बघत म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताई दोन ताजी पापलेटं घेऊन पाड्यावर गेल्या.

मीही गेलो. “बाबा, मी तुम्हाला ‘ए म्हाताऱ्या’ म्हणालो. चुकलं माझं,” असं तोंडावर सांगितलं. ज्या माणसाला सगळं ठाऊक होतं त्यालाच मी दोन तास बाकावर बसवून ठेवलं. मोडलं की कोणीतरी मोडलंच असणार, ही पोलिसांची खोड. ती मला या प्रकरणाने दाखवली. उरलेल्या नोकरीत संशयिताला मी पहिला प्रश्न हाच विचारला: हे कसं झालं असेल, तुम्हाला काय वाटतं?

पुढच्या दसऱ्याला वर्गाने मला पाहुणा म्हणून बोलावलं. बाबाही आले होते. फोटोसाठी माझ्या हातात हार घातलेलं धनुष्य दिलं. चहूकडे टाळ्या, मी फुशारलो आणि सवय नसताना दोरी पार गालापर्यंत ओढली. बाण नव्हता! बोटं सुटणार, एवढ्यात भुवईवर व्रण असलेली ती मुलगी शेजारी आली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “साहेब, हळू परत आणा.”