आमच्या यांचं 'हं'

आमचे हे, एइजो कुवाहारा, जपानमधल्या मात्सुए शहरातले नावाजलेले गिलावेवाले. भिंत बघत राहावी अशी करतात, पण बोलायचं म्हटलं की यांच्या जिवावर येतं. रागावले तरी 'हं', खूश झाले तरी 'हं'. शिकाऊचं काम बिघडलं की चकार शब्द न काढता खरवडून टाकायचं, ही यांच्या वडिलांची रीत, अन् तीच यांची.

अन् गिलावेवाल्यांच्या संघटनेनं फर्मान काढलं: शिकाऊ ठेवायचे तर आधी उस्तादांनी कामाची पारख करायला शिकावं, काय जमलं, काय राहिलं, ते तोंडानं सांगता आलं पाहिजे. साठीतले हे डबा घेऊन वर्गाला जायला लागले. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सुनावलं, "कुवाहारासान, 'हं' हा काही निकाल नव्हे!" ऐकून मी पोट धरून हसले.

हसू फार टिकलं नाही. आमच्याकडे शिकणारी मिसुझू एकदा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "काकू, उस्तादांची परीक्षा झाली की मी काम सोडते. त्यांना माझं काम पसंत नाही."

"अगं, विचारते ना मी त्यांना!"

"नको. मागून घेतलेली शाबासकी मला नको."

ही पोर गेली तर घर खायला उठेल, हे मला दिसत होतं. पण विचारणार नाही असा तिला शब्द दिला, म्हणून यांच्यापाशी विषय काढला नाही.

परीक्षा आमच्याच अंगणात झाली. मिसुझूनं भिंतीला गिलावा केला, त्याची पारख यांनी बाईंसमोर करायची. चहा घेऊन मी दारातच थांबले.

हे घाम पुसत म्हणाले, "डाव्या कोपऱ्यात घाई केलीस. तिथे थापी मध्येच उचललीस. बाकी... हं."

बाई खाकरल्या.

"बाकी उत्तम. त्यात नवीन काय? तीन वर्षांत तुझी एक तरी भिंत खरवडली का मी?"

मिसुझू उसळून म्हणाली, "मला वाटलं, खरवडायच्याही लायकीची नसते ती!"

यांचा चेहरा खर्रकन उतरला. "वेडी का काय तू! तुझी भिंत मी माझी म्हणून दाखवतो लोकांना."

हे पास झाले. सोमवारी मिसुझू कामावर आली, ती डाव्या कोपऱ्यावरून यांच्याशी भांडतच.

त्या संध्याकाळी मी सूप वाढलं. "हं," हे म्हणाले.

"हा निकाल नव्हे!"

यांनी रिकामी वाटी माझ्यापुढे धरली. "लग्न झाल्यापासून कधी थेंब तरी ठेवलाय का?"

माहीत होतं हो मला. तरी ऐकलं आणि रडू आलं.