समोरची चक्की

…तर वासुदेव आपली चक्की उघडी टाकून थेट तानाबाईच्या चक्कीवर धडकला. पवनारात दोघांच्या चक्क्या समोरासमोर. पण दळणाचे डबे सारे तिच्याकडे, अन् हा ओट्यावर जळफळत बसलेला. तानाबाई शेंबड्या पोरालाही 'जी' म्हणायची, डबा पुसून हातात द्यायची. त्या दिवशी वासुदेवची सख्खी बहीणच तिकडे दळण घेऊन गेली, मग त्याला राहवेना.

"या जी भाऊ, बसा."

"बसाले नाई आलो! काय जादू करून राह्यली तू? माह्याकडं काऊन कोणी येत नाई?"

तानाबाईनं पाण्याचा गडवा पुढे केला. "येतात ना जी! मघाशीच एक म्हातारी तुमच्या दारात डबा घेऊन उभी होती. तुम्ही माह्याकडंच पाहत बसले, मग तिले 'या' कोण म्हणन?"