रेषेबाहेरचे कोचकाका

कोचकाका चहाचा कप हातात घेण्याआधीसुद्धा एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे बघत. मागे काही नसे. अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या त्या बागेतलं ओलं गवत, पलीकडे उंच सूचिपर्णी झाडं आणि झाडांत अडकून राहिलेलं धुकं, एवढंच. पण बघितल्याशिवाय त्यांचा हात पुढे येत नसे. पहिल्या दिवशी मला वाटलं, या गृहस्थांच्या मागावर कोणीतरी आहे. माणूस रशियाहून आलेला म्हटल्यावर आमच्या कल्पनाशक्तीला तेवढं निमित्त पुरलं. नंतर कळलं, ही फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळणाऱ्याची सवय. चेंडू पायाशी यायच्या आत आपली माणसं कुठे आहेत ते बघून ठेवायचं. खेळ सुटून जमाना झाला होता, मान मात्र अजून खेळत होती.

आम्ही नागपूरहून तिथे गेलो तेव्हा सई तिसरीत होती. मिलिंदला कंपनीत काम होतं आणि मला, त्याच्या व्हिसावर आलेली बायको म्हणून, कामाची परवानगी नव्हती. नागपुरात कॉलेजात शिकवणारी मी, बेलव्ह्यूमध्ये दुपारभर खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसे. तिथे सगळ्यांच्याच मुली सॉकर खेळतात म्हणून सईलाही घातलं. बाकीच्या आया मुलींना सोडून गाडी वळवून जात. मी थर्मास घेऊन सराव संपेपर्यंत बसे. मला जायचं कुठे होतं?

कोचकाकाही तसेच रिकामे. त्यांची मुलगी तिथल्याच एका ऑफिसात होती आणि नातवाला सांभाळायला तिने वडिलांना बोलावून घेतलं होतं. नातू शाळेत जायला लागला आणि आजोबा बागेत येऊन उभे राहू लागले. मुलींच्या टीमला कोच मिळत नव्हता, यांना टीम मिळत नव्हती. मोठ्या माणसाला नुसतं ‘कोच’ काय म्हणायचं, म्हणून मी सईला ‘कोचकाका’ म्हणायला लावलं. महिन्याभरात तिच्या टीममधल्या एमिली आणि जिवूसुद्धा बिनदिक्कत ‘कोचकाका’ अशी हाक मारायला लागल्या. ते मला ‘सईची आई’ म्हणत. त्यांच्याकडेही आयांना मुलांच्या नावाने ओळखायची पद्धत होती. परक्या देशात एका रशियन माणसाने मला आमच्या गल्लीतल्यासारखी हाक मारावी, याचा मला फार आधार वाटे.

त्यांची शिकवायची रीत अजब होती. खेळ ऐन रंगात आला की ते शिट्टी वाजवत आणि म्हणत, “डोळे मिटा.” सगळ्या मुली जिथल्या तिथे थांबून डोळे मिटत. मग ते एकेक नाव घेत. एमिली कुठे आहे? सगळ्यांनी डोळे न उघडता तिच्याकडे बोट दाखवायचं. सुरुवातीला बोटं वाटेल तिकडे जात, एकीने तर स्वतःकडेच दाखवलं होतं. पण हळूहळू बोटं बरोबर दिशेला वळायला लागली. खाली उतरलेल्या धुक्यात रंगीत जर्सी घातलेल्या मुली डोळे मिटून उभ्या आहेत आणि सगळ्यांचे हात एकाच दिशेला उचललेले आहेत, हे दृश्य मी कितीदा पाहिलं. मला ते खेळापेक्षा प्रार्थनेसारखं वाटे. चेंडू तेवढा वेळ गवतात बिचारा एकटा पडलेला असे.

या प्रार्थनेने सामने जिंकता येत नाहीत, अशी काही वडिलांची तक्रार होती, आणि आमची टीम हरायची तेही मन लावून. एकदा सईने गाडीत विचारलं, “कोचकाका, शुडन्ट वी जस्ट वॉच द बॉल?” त्या दिवशी त्यांची मुलगी कामात अडकल्यामुळे आम्ही त्यांना घरी सोडत होतो. त्यांनी खिडकीबाहेर बघत, त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, “चेंडू कुठे जात नाही. माणसं जातात. माणसांकडे बघ.”

मला सगळ्यात जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. ते मैदानाच्या पांढऱ्या रेषेच्या आत कधीही पाऊल टाकत नसत. पलीकडच्या गोलजवळ कुणाला काही सांगायचं असलं, तर दुखऱ्या गुडघ्याने सबंध मैदानाला वळसा घालून जात. कोणी पडून रडायला लागली, तर रेषेवर उभं राहून दोन्ही हात पसरत. तिने उठून तिथपर्यंत यायचं. एका पावसाळी दुपारी चहा ओतताना मी त्यांना कारण विचारलंच.

त्यांनी सांगितलं ते असं. व्होल्गेच्या काठी, कारखान्याच्या भिंतीला लागून त्यांचं मैदान होतं. कारखान्याच्या टीममधून ते मोठ्या शहराच्या टीममध्ये गेले, चार लोक नावाने ओळखायला लागले. एकदा पाहुणे म्हणून त्याच जुन्या मैदानावर सामना खेळायला आले. आई बघायला आली होती. बर्फ भुरभुरत होता. गुडघा फिरला आणि ते पडले. स्ट्रेचरवर उताणे पडून बाहेर जाताना त्यांना फक्त आकाश दिसलं, आई कुठे बसली आहे तेही दिसलं नाही. पुन्हा खेळणं झालं नाही. पुढे त्याच कारखान्याच्या पोरांना ते शिकवू लागले, पण रेषेबाहेर उभं राहून. मग कारखाना बंद पडला, टीमही गेली.

“मला उचलून बाहेर नेलं, सईची आई,” ते म्हणाले. “मी स्वतः बाहेर आलोच नाही. जो बाहेर आला नाही, तो पुन्हा आत कसा जाणार?”

मी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला. त्यांनी दोन्ही खांद्यांवरून बघून घेतलं आणि कप उचलला.

मुली उंच झाल्या, हायस्कुलात गेल्या. आणि २००८ च्या वसंतात त्यांच्या गावाहून फोन आला. मैदान पुन्हा सुरू झालं होतं, पोरांना शिकवायला माणूस हवा होता. त्यांची मुलगी म्हणाली, बाबा, नका जाऊ. ते मला एवढंच म्हणाले की तिथे पोरांना कोच हवाय आणि मी पुन्हा रेषेपाशीच थांबलो तर? गुडघ्याची नव्हे, त्या रेषेची त्यांना भीती वाटत होती, आणि ती मला त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होती. त्यांनी हो कळवलं नाही आणि नाहीही.

हंगामाच्या शेवटी आईवडील विरुद्ध मुली असा सामना व्हायचा. आमची सॉफ्टवेअरवाली मंडळी चेंडू दिसला की प्रसाद वाटत असल्यासारखी त्याच्यावर तुटून पडत. मिलिंद त्या गर्दीत सगळ्यात पुढे. त्या वर्षी मीही सलवार-कमीजवर बूट चढवून उतरले. एका क्षणी त्या घोळक्यातून चेंडू निसटला आणि माझ्याकडे येऊ लागला. इतकी वर्षं काठावर बसून जे ऐकलं होतं, ते माझ्या मानेने आपोआप केलं. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. आमचा एकच माणूस मोकळा होता. मी त्याला चेंडू दिला.

तो माणूस रेषेबाहेर उभा होता.

मिलिंद ओरडला, “अगं, आउट गेला यार!” पण चेंडू कोचकाकांच्या पायाशी जाऊन थांबला होता. ते त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चेंडू हलकेच पुढे ढकलला आणि त्याच्यामागोमाग आत आले.

ते धावले नाहीत. मैदानाच्या मधोमध उभे राहिले आणि चेंडू त्यांच्याकडे येत राहिला, जात राहिला. कधी आम्हाला देत, कधी मुलींना. कोण कुणाच्या बाजूने खेळतंय हेच थोड्या वेळाने उरलं नाही. उशिरा मावळणाऱ्या त्या उन्हात सगळे सावकाश, झोपेतल्यासारखे खेळत होतो. मला वाटलं, हे संपूच नये.

मग त्यांनी शिट्टी वाजवली. “डोळे मिटा,” ते म्हणाले. मुलींनी मिटले, मागोमाग आयाबापांनीही मिटले. त्यांनी अगदी हळू विचारलं, “कोच कुठे आहे?”

मी डोळे उघडे ठेवले. कोणीतरी बघायला हवं होतं. ते लंगडत, एकेक पाऊल टाकत रेषेकडे चालू लागले आणि सगळी बोटं त्यांच्याबरोबर वळत गेली. सईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिचं बोट जराही चुकत नव्हतं. रेषेपाशी ते थांबले. सवयीने एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून त्यांनी मागे बघितलं.

या वेळी मागे माणसं होती. ती नीट बघून घेऊन कोचकाका स्वतःच्या पायांनी बाहेर गेले.