लालात न दिसणारा ठिपका

नवा लॅपटॉप खराब निघावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालणारा रत्नागिरीतला मी बहुधा पहिलाच इसम असेन.

लॅपटॉप मुलानं, निखिलनं, पुण्याहून पाठवला. सुमन, म्हणजे माझी बायको, गेल्यापासून त्याला माझी फार काळजी वाटते आणि ती तो कुरिअरनं पाठवत असतो. कधी गुडघ्याचे पट्टे येतात, कधी च्यवनप्राश. स्वतः येतो तो गणपतीला. आमचा गणपती दीड दिवसाचा. निखिल गणपतीबरोबर येतो आणि गणपतीबरोबरच जातो. फरक इतकाच, की गणपतीला 'पुढच्या वर्षी लवकर या' असं ओरडून सांगता येतं, मुलाला सांगायला जीभ रेटत नाही.

खोकं फोडलं त्याच दिवशी त्याचा फोन आला.

"बाबा, आधी डेड पिक्सेल बघून घ्या."

"कोण गेलं?"

"कोणी नाही हो. स्क्रीन म्हणजे लाखो बारीक बारीक दिवे असतात. त्यातला एखादा मेलेला असला तर तेवढा ठिपका दिसतो. मी एक लिंक पाठवतो, ती उघडली की सगळी स्क्रीन एकाच रंगाची होईल. पांढरी, लाल, हिरवी, निळी, काळी. प्रत्येक रंगात ठिपका शोधायचा."

"आणि सापडला तर?"

"तर दुकानदार बदलून देईल. पण कुरिअरनं परत नाही पाठवायचा, आपटतात. शनिवारी मीच येऊन घेऊन जाईन."

हे शेवटचं वाक्य त्यानं सहज टाकलं. मी मात्र लगेच भिंग शोधायला उठलो.

मी हायस्कुलात जन्मभर चित्रकला शिकवली. रंगातला दोष माझ्या नजरेतून सुटत नाही (असं मीच सांगत आलोय). पांढरा पडदा लावला आणि इंचाइंचानं तपासत गेलो. काही नाही. चष्मा काढून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. एकदा ठिपका सापडला, तर तो चालायला लागला. चिलट होतं. इतकी निर्दोष वस्तू माझ्या घरात यापूर्वी कधीच आली नव्हती, आणि मला तिचा मनस्वी राग आला.

शेवटी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, लेकरानं यंत्र पाठवलंय, त्यात काय वाकडंनाकडं असेल तर ते दिसू दे म्हाराजा!" आता गाऱ्हाण्याला मागून 'व्हय म्हाराजा' म्हणायला माणसं लागतात. घरात मी एकटा. तेव्हा तेही मीच म्हटलं, जरा आवाज बदलून.

मग लॅपटॉप तसाच उघडा ठेवून, किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या सुलभावहिनींकडे देऊन बाजारात गेलो. परत येऊन पुन्हा पांढरा पडदा लावला आणि देव अजून रिटायर झालेला नाही याची खात्री पटली. उजव्या कोपऱ्यात मोहरीहून बारीक ठिपका!

पिशवी खाली न ठेवताच निखिलला फोन लावला.

"पांढऱ्यावर कसा दिसतोय?"

"लाल. जरासा किरमिजीकडे झुकणारा."

"हिरव्यावर?"

"काळा. निळ्यावरही काळा. आणि लालावर गायब."

"म्हणजे त्या पिक्सेलमधला हिरवा आणि निळा मेलाय, फक्त लाल जिवंत आहे. मग काळा रंग बघायचीही गरज नाही. शनिवारी येतो."

इतकी आनंदाची मृत्युवार्ता मी आजवर ऐकली नव्हती. त्याच्या खोलीतली रद्दी काढली, गादीला ऊन दाखवलं. शुक्रवारी सकाळी मच्छी मार्केटात जाऊन सुरमई आणली. सुमन कापं किती जाडीची करून घ्यायची ते आठवेना, म्हणून कोळणीलाच विचारलं. "पोरगो येताय काय?" तिनं विचारलं. इतका का मी पाघळलेला दिसत होतो, कोण जाणे.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. "बाबा, सकाळी लवकर निघतोय." मी फोन स्पीकरवर टाकला आणि तेवढ्यात सुलभावहिनी निखिलसाठी सोलकढी घेऊन आल्या.

"बघा वहिनी, ह्या ठिपक्यापायी येतोय तो," मी पांढरा पडदा लावून कौतुकानं ठिपका दाखवला.

वहिनी वाकल्या. "अवो भावजी, ता कुंकू! मीच लावलाय."

"तुम्ही?"

"किल्ली दिलात ना, तवा कोकमाची सोलां ठेवायला आलेली. नवी वस्तू घरात आली, तिला हळदकुंकू नको? सुमनताई असती तर तिनं लावलंच असतं. मोठा लावला तर तुमचा पिक्चर दिसायचा नाय, म्हणून काडीच्या टोकानं एवढासाच लावलाय."

आणि मी हात आडवा घालायच्या आत त्यांनी पदराचं टोक ओलं करून ठिपका पुसून टाकला.

फ्रिज, मिक्सर, माझी स्कूटर, घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला सुमननं कुंकू लावलं होतं. जन्मभर रंग शिकवले, आणि मला कुंकू ओळखता आलं नाही. मला तिची फार आठवण आली.

फोनमधून हसण्याचा आवाज येत होता. मग हसणं थांबलं.

"बाबा, मग लॅपटॉप चांगलाच आहे की. मग... उद्या यायचं राहू दे ना? सोमवारी माझं एक मोठं काम आहे."

"राहू दे, राहू दे," मी म्हणालो. मग एकदम आठवलं. "अरे पण काळा बघायचा राहिलाय!"

"बघा बरं."

मी काळा पडदा लावला.

"दिसतंय काही?"

"दिसतंय."

"काय?"

"एक म्हातारा. एवढ्या सुरमईचं काय करायचं, असा विचार करत बसलाय."

"अहो बाबा, ते तुमचं प्रतिबिंब. ते नाही बदलून मिळत."

"बदलून नको रे. नुसतं येऊन बघून गेलास तरी चालेल."

वहिनी उगाचच सोलकढी ढवळायला लागल्या.

"गणपतीला येतोच की बाबा," निखिल म्हणाला. "तोवर लॅपटॉप नीट वापरा. आणि तब्येतीला जपा."

ह्या खेपेला गाऱ्हाणं त्यानं घातलं होतं. मागून म्हणायची मला आता सवय झालीच होती.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.