दाजींचा पस्तावा आणि आक्काचा

माझी थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे आमची आक्का आणि दाजी, न्यूझीलंडला जाऊन अठरा वर्षं झाली. त्यातली निदान पंधरा वर्षं दाजींनी पस्तावा करण्यात घालवली. रविवारी दुपारी साडेबाराला आम्ही नळदुर्गात जेवायला बसलो की त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं तेव्हा संध्याकाळ झालेली असायची. आई ताट बाजूला सारून फोन हातात घ्यायची आणि दाजी सुरू व्हायचे.

"मामी, लई चूक झाली बगा."

मग चुकीचा तपशील यायचा. शेजारचं घर दोनशे पावलांवर, पण तिथला माणूस वर्षातून दोनदा हात हलवतो. कोथिंबिरीला वास नाही. रस्त्यात थांबवून "कुठं निघालाव?" असं कुणी विचारत नाही. मेंढरं तेवढी मुबलक आहेत, पण त्यांच्याशी किती बोलणार.

दाजी सहाशे गायींच्या एका फार्मवर साधे कामगार म्हणून गेले होते, आता तिथले मॅनेजर आहेत. मी शाळेत कारकून आहे. माणूस काय सांगतोय ते ऐकताना त्याच्या मागं भिंतीवर काय टांगलंय तेही बघायची मला सवय आहे. दाजींच्या मागचं घर दर तीन-चार वर्षांनी बदलायचं. पहिला पस्तावा एका खोलीतून झाला. मग तीन खोल्यांच्या घरातून. मग अशा घरातून, की ज्याच्या खिडकीतून तळं दिसायचं. एकदा तर ते होडीत बसून पस्तावले. मासे धरायला गेले होते.

आईला मात्र खिडकी दिसायची नाही, तळं दिसायचं नाही. फोन ठेवला की ती माझ्याकडं वळायची. "माणूस तिकडं झुरायलाय आन् तू इथं भाकरी मोडायलास."

"आई, झुरणारा माणूस एवढा जाड होत न्हाय."

"सूज असंल," आई म्हणायची.

आणि आक्का? आक्का फोनवर शेवटची दोन मिनिटं यायची. आई तिला विचारायची, आज काय केलं होतं जेवायला. ती सांगायची. संपला विषय. तिला पस्तावा होतो का, हे आम्ही कुणी कधी विचारलं नाही. दाजींचाच एवढा होता की दुसऱ्याला जागाच उरत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी आईनं हट्ट धरला की दाजींसाठी आपण इथं काहीतरी उभं करायचं, म्हणजे ते परत येतील. हायवेच्या कडेला आमचं रान आहे. तिथं मी गोठा बांधला, सहा गायी आणल्या, विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर हत्तीगवत लावलं. बायको म्हणाली, "त्यांना यायचंय का, हे एकदा विचारा तरी." मला ते अगदीच अनावश्यक वाटलं. पंधरा वर्षं माणूस तोंडी अर्ज करतोय, त्यावर आणखी काय विचारायचं?

गोठा पुरा झाल्यावर एका रविवारी मी रानातूनच फोन घेतला. दाजींची चूक सांगून झाल्यावर फोन फिरवला आणि एकेक गाय दाखवली. म्हणालो, "दाजी, हे तुमचंच. या आता."

दाजींचा चेहरा पडद्यावर एकदम थिजला. मग त्यांचा आवाज आला, "हॅलो? नेटवर्क गेलं वाटतं." पण त्यांच्या मागचा खिडकीचा पडदा वाऱ्यानं हलत होता आणि त्या खिडकीशेजारी आक्का तोंडावर हात ठेवून हसत होती, ते आम्हाला नीट दिसत होतं.

एवढ्यावरून कुणीही ओळखलं असतं. आम्ही ओळखलं नाही. आई म्हणाली, बिचाऱ्याला भरून आलं.

शेवटी दाजींनी दोन महिन्यांची रजा काढली. तिकडं जून-जुलै म्हणजे थंडी, गायी आटलेल्या, काम कमी. त्यांची लेक तिथंच कॉलेजच्या हॉस्टेलवर राहिली आणि मे महिन्याच्या शेवटी दोघं आली. "बघू तर खरं," असं दाजी म्हणाले. पहिल्याच पहाटे ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून गोठ्यात हजर झाले. बूट तिकडून आणले होते. बेचाळीस डिग्रीत आणि कोरड्या ठणठणीत जमिनीवर ते बूट घालून दाजी चालायला लागले की ढाब्यावरची माणसं चहा थांबवून बघायची.

गायी बांधून ठेवणं दाजींना पसंत नव्हतं. "आमच्याकडं गाय मोकळी असती. ती खुश राहिली तरच दूध देती," ते म्हणाले. आईनं त्या "आमच्याकडं" वर नुसतं वर बघितलं. मग दाजींनी हत्तीगवताभोवती तार ओढली, रानडुकरांसाठी लावतात तसलं झटका मशीन जोडलं आणि दावी सोडून दिली. मी सांगून बघितलं की दाजी, मे महिन्यात आपल्याकडं हिरवं म्हणजे एवढंच गवत आणि हायवेवरच्या पाट्या. ते हसले. चार दिवस गायी त्या तारेच्या आत राहिल्या. पाचव्या दिवशी मशीनची बॅटरी उतरली, हे आमच्याआधी गायींना कळलं.

मी शाळेच्या कार्यालयात होतो. ढाबेवाल्याचा फोन आला, "साहेब, तुमच्या पाव्हण्याच्या गायी रोडवर हायत. पाव्हणाबी हाय."

मी पोचलो तेव्हा सहाच्या सहा गायी हायवेच्या मधोमध उभ्या होत्या. ढाब्यामागं भाजीची देठं-सालं टाकतात, तिकडं निघाल्या होत्या. वाटेत उन्हानं दमल्या आणि थांबल्या. सोलापूरकडून येणारे ट्रक पार वळणापर्यंत खोळंबलेले. दाजी बूट घालून गायींसमोर उभे होते आणि तोंडात दोन बोटं घालून शीळ घालत होते. त्या शिळेवर तिकडं म्हणे सहाशे गायी रांगेत चालत येतात. आमच्या गायींपैकी एकीनं तेवढी मान वळवली आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला होता. पांढरी दाढी, खांद्यावर टॉवेल. दाजी त्याला समजावत होते, "दोन मिनट रुको भाई. हमारे कने गाय रस्ते पे आई तो सब गाड्या आरामसे रुकते."

"तुमारे कने मतलब किदर?"

"न्यूझीलंड."

ड्रायव्हरनं दाजींना बुटांपासून डोक्यापर्यंत बघितलं. मग अगदी शांतपणे म्हणाला, "तो उदरिच जाके छोडो ना इनको. हमकू हैद्राबाद पोंचना है."

तेवढ्यात आई आली. पदर खोचलेला, हातात पेंडीची बादली. तिनं बादलीवर दोनदा हात आपटला, घशातून "हुं, हुं" असा आवाज काढला आणि मागं न बघता रानाकडं चालायला लागली. सहाही गायी तिच्या मागं निघाल्या. त्यांच्या मागं दाजी. त्यांच्या मागं मी. ढाब्यावर कुणी हसलं नाही, पण सगळे उठून उभे राहिले होते.

संध्याकाळी धारा काढून झाल्यावर आईनं दाजींना समोर बसवलं. आक्का गव्हाण झाडत होती, मी दुधाची किटली धरून उभा होतो.

"जावईबापू, खरं सांगा. तुमाला पस्तावा झालाय का न्हाय?"

दाजी बराच वेळ बूट काढत बसले. घामानं ते पायाला चिकटले होते. एक निघाला तेव्हा म्हणाले, "मामी, पहिली दोन वरसं लई झाला. रडलो सुदीक. नंतर लेक शाळंत जायला लागली, काम जमलं. मग न्हाय झाला."

"मग दर रविवारी काय सांगत व्हतात?"

"आता काय सांगू?" दाजी खाली बघूनच बोलत होते. "एकदा तुमाला म्हणलो, मामी, मी मजेत हाय. तुमचं तोंड उतरलं. वाटलं, हिची लेक आपण एवढ्या लांब नेली आन् वर मजेत हाय म्हणून सांगायलाव. दुसऱ्या रविवारी म्हणलो, चूक झाली. तुमी तासभर बोललाव. कोथिंबिरीला वास न्हाय म्हणलं की तुमाला बरं वाटायचं. मग तेच चालू ठेवलं."

आई म्हणाली, "आन् म्या दर मंगळवारी तुळजापूरला जाऊन देवीला सांगायलाय, पाव्हण्याला परत आण म्हणून. पंधरा वरसं. देवी काय म्हणत असंल?"

"देवीला ठाऊक असंल," दाजी म्हणाले.

आईला राग आला होता हे खरं, पण तो फार टिकला नाही. दोन दिवस तिनं दाजींच्या भाजीवर कोथिंबीर घातली नाही, एवढीच शिक्षा. नंतर तीही माफ झाली.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. पण जूनच्या मध्यावर शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आक्का मला म्हणाली, "उद्या मला गाडीवर सोडशील का? माझ्या शाळंत."

लग्नानंतर आक्का तुळजापूरच्या वाटेवरच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होती. चार वर्षं पहिलीचा वर्ग तिच्याकडं होता. दाजींचं तिकडचं ठरलं तेव्हा तिनं राजीनामा दिला. टाइप मीच केला होता, तीन ओळींचा. तिकडं गेल्यावर तिनं फळं पॅक करायच्या कारखान्यात काम केलं, मग म्हाताऱ्या माणसांच्या संस्थेत. ते सगळं आम्हाला माहीत होतं. त्याचं तिला काय वाटतं, ते माहीत नव्हतं.

शाळेच्या दारात आंब्याच्या पानांचं तोरण होतं. नव्या पोरांना गुलाबाचं एकेक फूल आणि पुस्तकं देत होते. आक्का दारातच थांबली. आत पहिलीची एक पोरगी दप्तर पोटाशी धरून रडत होती, आणि वर्गाच्या तरुण बाई दुसऱ्या दोघांचं भांडण सोडवण्यात गुंतल्या होत्या. आक्कानं चप्पल काढली आणि त्या पोरीजवळ जमिनीवर जाऊन बसली. समजूत वगैरे काही घातली नाही. तिच्या पाटीवर एक उभी रेघ काढली आणि पाटी तिच्याकडं सरकवली. पोरीनं जरा वेळानं तिच्या शेजारी दुसरी काढली. अर्ध्या तासात पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली.

मी दहा मिनिटांसाठी थांबलो होतो. माझ्याही शाळेचा पहिला दिवस होता. साडेबारा वाजले तरी आक्का उठायला तयार नव्हती, आणि मला तिला उठवायला जमलं नाही. त्या दिवसाची माझी रजा मांडली गेली.

येताना हायवेवर रसवंतीपाशी थांबलो. मी तिला चिडवावं म्हणून म्हणालो, "दाजींचा पस्तावा तर खोटा निघाला. तुझा काय?"

तिनं ग्लास खाली ठेवला. "माझा हाय," ती म्हणाली.

मीही माझा ग्लास खाली ठेवला.

"परत यायचंय असं न्हाय रे. तिथं माझं घर हाय, लेक हाय, मला तिथली थंडीसुदीक आवडती. पण शाळा सोडली त्याचा पस्तावा हाय. रोज व्हत न्हाय. जूनमधी व्हतो. तिकडं जूनमधी काय न्हाय बग, त्यांची शाळा फेब्रुवारीत सुरू होती. आन् मी जूनमधी उगंच कपाट आवरत बसती. ह्यांना वाटतं, मला थंडी सोसंना."

"सांगायचं न्हाय का?"

"कुणाला? फोनवर ह्यांचीच पाळी संपायची न्हाय."

ती हसली, पण मला हसू आलं नाही. सोळा वर्षं मी समोरच्या भिंतीवरची घड्याळं न्याहाळली, खोल्या मोजल्या, दाजींच्या पोटावर विनोद केले; आणि बहिणीला काय विचारलं, तर भाजी कशाची.

घरी आल्यावर तिनं दाजींना सांगितलं. सगळ्यांसमोर, जेवताना. दाजींचा घास हातात राहिला. "एवढे दिवस बोलली का न्हाईस?" ते म्हणाले. त्यावर आक्का, आई आणि माझी बायको, तिघींनी त्यांच्याकडं असं बघितलं की त्यांनी मुकाट्यानं तो घास खाल्ला. पण माणूस चांगला आहे. त्याच आठवड्यात ते माझ्या कार्यालयात येऊन बसले आणि तिकडं बालवाडीच्या शिक्षिकेला काय शिकावं लागतं, त्याची सगळी माहिती माझ्या कॉम्प्युटरवर काढली. अर्ज मीच भरला. तीन ओळींच्या राजीनाम्यापेक्षा तो बराच लांब होता.

जुलै सरत आला तसे दाजी अस्वस्थ व्हायला लागले. ऑगस्टात तिकडं गायी वितात. दिवसातून दोनदा फोन करून कुठली गाय आधी विणार ते विचारायचे. जाताना रबरी बूट माझ्यासाठी ठेवून गेले. सहा गायींच्या धारा आता मी काढतो. बूट मात्र घालत नाही; नळदुर्गात माझीही थोडी इज्जत आहे.

आक्कानं वर्षभर अभ्यास केला आणि पंचेचाळिसाव्या वर्षी बालवाडीत रुजू झाली. तीन-चार वर्षांची पोरं असतात. पहिल्या दिवसानंतर तिनं आईला सांगितलं की तिथं बाई वगैरे काही नाही, पोरं शिक्षिकेला नुसत्या नावानं हाक मारतात.

आईला हे अजिबात पटलं नाही. "एवढीएवढी पोरं, आन् नावानं? मग तू काय करतीस?"

"ओ देती," आक्का म्हणाली.