राइनकाठच्या भित्र्या अक्का

अक्का भित्र्या होत्या आणि ते त्या कुणापासून लपवत नसत. मी त्यांच्या ऑफिसात रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी त्यांनी मला कॉफी दिली, माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "तुला आधीच सांगून ठेवते निखिल, मी अतिशय भित्री बाई आहे. ह्या इमारतीत बाकी सगळे धीट आहेत. मला भिण्याचाच पगार मिळतो." मला वाटलं, ही त्यांची विनोद करण्याची तऱ्हा असेल. पण त्या हसल्या नाहीत.

हे ऑफिस राइनच्या काठावरच्या एका लहान जर्मन शहरात होतं, अगदी बंदराला लागून. खिडकीतून नदी दिसायची आणि नदीपलीकडे दिसायचा तो फ्रान्स. मी कार्ल्सरूहला पीएचडी करत होतो आणि आमच्या प्राध्यापकांनी मला दोन्ही देशांच्या एका सामाईक प्रकल्पावर इथं पाठवलं होतं. हॉलंडमधून निघालेली मालवाहू जहाजं ह्याच नदीतून पार स्वित्झर्लंडपर्यंत जातात. जहाज सरहद्द सहज ओलांडतं. त्याची माहिती मात्र ओलांडत नाही. जहाजात काय भरलंय, माणसं किती आहेत, कुठे कशाने धोका आहे, हे एका देशाला ठाऊक असलं तरी शेजारच्याला नव्याने विचारावं लागायचं. दोन्ही काठांची बंदरं, रेल्वे आणि ट्रक यांची सांगड घालायची, असं आमचं काम होतं. आम्ही बहुतेक जण माल लवकर कसा पोचेल ते बघत होतो. काही वाईट घडलं तर काय, हे बघायला अक्का एकट्या होत्या.

त्या मूळच्या महाडच्या, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. लग्नानंतर इथं आल्या आणि नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. मुलगी वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरमध्ये होती. माझ्याआधी ऑफिसात आलेल्या कुणा मराठी विद्यार्थ्याने त्यांना अक्का म्हणायला सुरुवात केली, आणि ते आडनाव आहे असं समजून सगळे जर्मन त्यांना 'फ्राऊ अक्का' म्हणू लागले. त्यांनी कुणाला दुरुस्त केलं नाही.

बैठक संपत आली, लोकांनी लॅपटॉप मिटले, की अक्कांचा प्रश्न यायचा. "आणि धुकं असलं तर?" कधी धुक्याऐवजी पूर असायचा, कधी नेमका सुट्टीचा दिवस. आमचे प्रमुख हेर ब्रांट सज्जन माणूस होते, पण त्यांच्याही कपाळावर आठी पडायची. "बरं, फ्राऊ अक्का, धुक्याचं आपण पुढच्या बैठकीत बघू."

"आणि त्याच्या आधीच पडलं तर?"

मग सगळे कसंनुसं हसायचे आणि जेवायला जायचे.

दर गुरुवारी सकाळी अक्का पलीकडच्या काठावरच्या अग्निशमन दलात फोन लावायच्या. तिथे ल्युक नावाचा एक अधिकारी होता. अक्कांचं फ्रेंच कामापुरतं, ल्युकचं जर्मन त्याहून कमी. दोघं हवापाण्याची चार वाक्यं बोलायचे आणि फोन ठेवायचे. एकदा मी विचारलं, "अक्का, काम काय असतं तुमचं त्याच्याकडे?"

"काही नाही. फोन उचलला जातो की नाही, एवढंच बघते. आणि माझा आवाज त्याच्या ओळखीचा राहावा."

दोन्ही काठांनी एकमेकांच्या मदतीला थेट धावून जायची सोपी पद्धत अक्कांनी लिहून काढली होती. ती सह्यांसाठी कुठे कुठे फिरत होती. तोवर पलीकडची मदत हवी असेल तर मागणी अधिकृत वाटेनेच जायला हवी, प्रमुखाच्या नावाने. इथे त्याला 'त्सुश्टेंडिशकाइट' म्हणतात, म्हणजे अधिकार कुणाचा. हा शब्द उच्चारताना अक्का एक दीर्घ श्वास घ्यायच्या.

त्यांची भीती हळूहळू मलाही लागली. मी घरातून निघताना शेगडी दोनदा बघायला लागलो. पुलावरून चालताना खालून एखादं टँकर-जहाज गेलं, की त्याच्यावरच्या खुणा वाचल्याशिवाय पाऊल पुढे पडेना. एकदा मी चिडूनच म्हणालो, "अक्का, तुमच्यामुळे मला आता नदीकडे सरळ बघताच येत नाही."

आम्ही ट्रामच्या थांब्यावर उभे होतो. तिथे त्यांनी मला त्यांच्या भावाची हकीकत सांगितली. अक्का कॉलेजात असताना घाटात एक टँकर उलटला होता. ड्रायव्हर आत अडकून ओरडत होता. अक्कांचा दादा मोटारसायकलवरून तिथून चालला होता. त्याने गाडी रस्त्यातच टाकली, तो खाली धावला आणि टँकरपाशी पोचताच कोसळला. त्याला पडलेला बघून दुसरा एक जण धावला, आणि त्याला पडलेला बघून तिसरा. "टँकरमध्ये काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं," अक्का म्हणाल्या. "दादा फार चांगला होता रे. चांगली माणसं विचारत नाहीत, धावतात. म्हणून कुणीतरी विचारणारं लागतं." ट्राम आली. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

आणि मग नोव्हेंबरात धुकं पडलं.

त्या सकाळी पलीकडचा काठ नाहीसा झाला होता. बंदराचा नियंत्रणकक्ष आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता, आणि आम्ही दोघं तिथे कामानिमित्त गेलो होतो. रेडिओवर एका कप्तानाचा आवाज आला. जहाज कसंबसं आमच्या धक्क्याला लावलंय. खाली केबिनमध्ये बायको आणि खलाशी उलट्या करताहेत, उठत नाहीत. मलाही गरगरतंय. डॉक्टर पाठवा. ड्यूटीवरच्या माणसाने लगेच रुग्णवाहिका बोलावली.

अक्का त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "जहाजात काय आहे?"

"धोक्याचं काही नाही, फ्राऊ अक्का. गुरांचं खाद्य आहे."

"त्याला विचार, केबिनमध्ये कसला वास येतोय का."

कप्तान म्हणाला, कालपासून लसणासारखा येतोय. बायकोने काही शिजवलं असेल असं वाटलं.

अक्का पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. त्यांनी हॉलंडमधल्या माल भरणाऱ्या एजंटाला फोन लावला आणि एकच गोष्ट विचारली, मालाला किडीसाठी औषध मारलं होतं का. मग तो म्हणाला, हो, गोळ्या टाकल्या होत्या. पण त्याची नोंद आमच्याकडे आहे, तुमच्याकडे पाठवायचा नियम नाही.

त्या गोळ्यांमधून विषारी वायू निघतो. तो फटींतून केबिनमध्ये उतरला होता. मास्क आणि हवेच्या टाक्या नसताना जो खाली जाईल, तो पडेल.

आमच्या शहराची अग्निशमनाची गाडी महामार्गावर धुक्यात एकमेकांवर आदळलेल्या गाड्यांपाशी अडकली होती. रुग्णवाहिका मात्र बंदराच्या फाटकातून आत शिरली होती, आणि तिच्यातल्या लोकांशी संपर्क होईना. अक्कांनी माझा दंड धरला. "निखिल, पळ. कुणालाही आत उतरू देऊ नकोस. फोन चालू ठेव."

मी पळालो. धक्क्यावर दोन हातांपलीकडचं दिसत नव्हतं. आधी इंजिनाची घरघर ऐकू आली, मग जहाजाची काळी बाजू दिसली. रुग्णवाहिकेतली तरुण मुलगी पिशवी खांद्याला लावून फळीवर चढलीच होती, तिचा सोबती तिच्या मागे होता. मी धावत पुढे झालो आणि दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिलो. माझी सगळी जर्मन भाषा त्या क्षणी पळून गेली. 'गिफ्ट' आणि 'गास', विष आणि वायू, हे दोनच शब्द मी पुन्हा पुन्हा ओरडत होतो.

"आत माणसं मरताहेत, बाजूला व्हा," ती म्हणाली.

तेवढ्यात मलाही तो वास आला. अगदी हलका, स्वयंपाकघरातल्यासारखा. त्या वासाने मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कशालाच घाबरलेलो नाही. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असावं. ती थांबली.

डेकवरचा कप्तान मात्र थांबला नाही. तो डोलत केबिनच्या दाराकडे निघाला, आणि आम्ही तिघांनी मिळून त्याला धरून ठेवलं. मोठा, पिकल्या मिशांचा माणूस. "ती माझी बायको आहे," एवढंच तो सांगत होता, जणू आम्हाला ते समजलंच नव्हतं. केबिनची गोल खिडकी आमच्या पायांच्या पातळीवर होती. काचेच्या आतल्या बाजूला एक हात टेकलेला होता. तो हलला.

"अक्का," मी फोनवर म्हणालो, "बाई दिसतेय मला. तिचा हात हलतोय."

मग त्यांचा आवाज आला. "माहीत आहे रे. तरीही नाही."

वर त्या कक्षात काय झालं ते मला नंतर कळलं. हेर ब्रांट श्टुटगार्टला बैठकीत होते, फोन बंद. अक्कांनी ल्युकला फोन केला. त्याच्याकडे बोट होती, मास्क होते, माणसं तयार होती. पण मागणी कुणाच्या नावाने लिहू, असं त्याला विचारणं भाग होतं. "माझ्या," अक्का म्हणाल्या. अक्कांना तो अधिकार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने पुढे काही विचारलं नाही.

आम्ही वाट बघत राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. खिडकीतला हात खाली घसरला. कप्तान आता धडपडत नव्हता. माझ्या खांद्याला टेकून उभा होता. मग धुक्यातून मोटरचा आवाज आला, लाल दिवा दिसला, आणि मास्क लावलेली माणसं काही न बोलता आमच्या बाजूने आत उतरली.

खलाशी वाचला. कप्तानाची बायको दुसऱ्या दिवशी इस्पितळात वारली.

चौकशीत अक्कांवर ठपका आला नाही. मास्कशिवाय आत उतरलेलं कुणीही वाचलं नसतं, असं तज्ज्ञांनी सांगितलं. हेर ब्रांटनी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. इतके महिने फिरत असलेल्या पद्धतीवर दोन्ही काठांनी भराभर सह्या केल्या, आणि औषध मारलेल्या मालाची सूचना आता जहाजाच्या आधी पुढच्या देशात पोचते. मला हे सगळं फार मोठं वाटत होतं. अक्का सह्यांच्या समारंभाला गेल्या नाहीत.

काही दिवसांनी कप्तान ऑफिसात आला. जहाज त्याने विकायला काढलं होतं. तो अक्कांसमोर बसला आणि म्हणाला, "त्यांना तुम्ही थांबवलंत?"

"हो. मीच."

"तिचा हात हलत होता."

"हो."

चौकशीचा निकाल, तज्ज्ञांचं म्हणणं, यातलं अक्कांनी त्याला काहीही ऐकवलं नाही. मग त्याने टोपी घातली, अक्कांचा हात क्षणभर हातात धरला आणि तो गेला. तो हात त्याने क्षमा करून धरला की आणखी कशाने, ते अक्कांना कधी कळलं नाही. मला तरी त्यांनी तसंच सांगितलं.

त्यानंतर अक्कांची भीती बदलली. आधी ती कामाची भीती होती. बैठकीत यायची, प्रश्न विचारायची आणि घरी जाताना ऑफिसातच राहायची. आता ती त्यांच्याबरोबर घरी जाऊ लागली. रेडिओ खरखरला की त्यांचा रंग उडे. डोळ्यांखाली काळं साचलं. झोप येत नाही म्हणायच्या. बैठकीत त्या प्रश्न विचारीनाशा झाल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं की लॅपटॉप मिटले जात असताना आता मीच बोलतोय. "आणि जहाजावरचा रेडिओ बंद पडला तर?" लोक माझ्याकडे वळून बघायचे. कुणी हसत नसे. मी मात्र मनातून हादरायचो, कारण आवाज माझा असला तरी धसका त्यांचा होता.

वसंतात त्यांनी नोकरी सोडली. मुलीने वाल्डॉर्फला नेण्याचा हट्टच धरला होता. मी सामान घेऊन स्टेशनवर गेलो. सामान थोडंच होतं. फलाटावर त्या माझ्या कोटाचं वरचं बटण लावत म्हणाल्या, "पीएचडी झाल्यावर इथंच राहणार म्हणतोस?"

"हेर ब्रांटनी तुमची जागा देऊ केलीय. मी हो म्हणालोय."

"का?"

"माहीत नाही, अक्का."

त्या माझ्याकडे पहिल्या दिवसासारख्याच नीट बघत राहिल्या. "तुला भीती वाटते का?"

"रोज," मी म्हणालो. "सकाळी खिडकी उघडतानासुद्धा."

"जाईल असं वाटतं?"

"नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. "मग झालं तर," त्या म्हणाल्या. "मी आता थोडी झोपते बाबा."

गाडी आली. मी बॅगा आत ठेवून खाली उतरलो. मी हात हलवायला खिडकीपाशी गेलो, तर अक्कांनी डोकं मागे टेकलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते. मी काचेवर टकटक केली नाही. गाडी निघून गेली आणि मी बंदराकडे परत निघालो.